खरं तेवढंच लिहिलं

मी कानाचं काम करते. म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं, कानाच्या मशीनसाठी साचा घ्यायचा, आणि मशीन आलं की ते घालायला, काढायला, पुसायला शिकवायचं. साचा घेताना आधी कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा सरकवायचा, मग पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत माणूस हमखास बोलतो. एक कान बंद झाला की लोकांचं तोंड का उघडतं, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

हेडबाई मला अशाच भेटल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा भाग त्यांना हेडबाईच म्हणायचा.

तेव्हा आम्हाला इथे येऊन चार महिने झाले होते. जुन्या गावी नवऱ्याचा कारखाना बंद पडला, मला इथल्या दवाखान्यात जागा मिळाली, म्हणून मी, नवरा आणि सासरे असं तीन माणसांचं बिऱ्हाड उचलून आलो. नवऱ्याला शीतगृहात यंत्रं सांभाळायचं काम मिळालं. घर मात्र काही केल्या मिळेना. पहिल्या मालकाने आडनाव विचारलं आणि "कळवतो" म्हणाला. दुसऱ्या घरी मालकीणबाईंनी विचारलं, "तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो का हो?" माझे सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले, "चांगला झाला तर येतो." ते घर तिथेच गेलं. तिसऱ्याला आमचं बोलणं ऐकूनच कळलं आम्ही कुठले ते. "तुमच्याकडच्यांचं एक माणूस आत आलं की मागून दहा येतात," तो म्हणाला. शेवटी दलालाने आमचा फोन उचलणंच बंद केलं. दवाखान्याच्या मागे एका खोलीत राहत होतो. बाबांची खाट टाकली की दार अर्धंच उघडायचं.

हेडबाईंच्या कानात लगदा सुकत होता तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?" मी सांगितलं. "घर कुठे?" तेही सांगितलं.

"मग आमच्या वसाहतीत या की! आमच्याकडे अठरापगड माणसं राहतात. कुठून आलात, हे आम्ही कुणालाच विचारत नाही."

मी साचा अलगद बाहेर काढला. त्याच्या डबीवर त्यांच्या नावाच्या आधी वसाहतीचा पत्ता लिहून घेतला.

वसाहत म्हणजे मधलं अंगण आणि त्याच्या तीन बाजूंना चार-चार मजली इमारती. फाटकावर मोठी पाटी, तिच्यावर नऊ भाषांमध्ये 'स्वागत' लिहिलेलं. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात हेडबाईंनी माझ्याकडून आमच्या लिपीत तो शब्द कागदावर लिहून घेतला आणि रंगाऱ्याने दहावा म्हणून रंगवला. त्याला अक्षरं ओळखीची नव्हती, त्यामुळे काना एक घर पुढे गेला. 'स्वगात' झालं. मी काही बोलले नाही. इतक्या प्रेमाने लिहिलेलं, त्यात चूक काय काढायची? बाबांनी मात्र पाहिलंच. "अगं, दिवसभर कानाचं काम करतेस आणि चुकलेला काना दिसत नाही तुला?"

पहिल्या रविवारी सामायिक दिवाणखान्यात आमच्यासाठी चहा झाला. चाळीसेक माणसं आली. सगळ्यांनी हात मिळवले, मुलांनी गाणं म्हटलं, आमचा फोटो काढून फलकावर लावला. घरी आल्यावर नवऱ्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. मग म्हणाला, "आता इथून हलायचं नाही." त्या दिवशी त्याने कपाटामागच्या रिकाम्या खोक्यांच्या घड्या घालून ती टाकून दिली. चार महिने आम्ही ती जपून ठेवली होती.

नियम साधा होता. पहिलं वर्ष कच्चं. वर्ष संपलं की समिती ठरवते, पक्कं करायचं की नाही. समितीच्या अध्यक्ष हेडबाईच. शिवाय घरात नवं माणूस कायमचं राहायला येणार असेल तर त्याला पक्क्या रहिवाशांच्या सभेची मंजुरी हवी.

चहाला आलेल्यांपैकी चाळीसातले एकोणचाळीस जण नंतर जिन्यात हसून 'कसं काय' विचारायचे आणि उत्तर द्यायच्या आत वर निघून जायचे. एक जण थांबली. तळमजल्यावरची, आमच्याच जिन्यातली. ती सोफ्याच्या, खुर्च्यांच्या, मोटारींच्या गाद्या शिवायची. बाबांनी तिचं नाव गादीवाली ठेवलं आणि तिला सांगूनही टाकलं. ती खो खो हसली. केसांत कायम फोमचा भुगा, बोटांना वाकड्या सुईचे घट्टे. कामावर खिळे ओठांत धरून बोलायची सवय असल्यामुळे घरीसुद्धा एका बाजूने बोलायची. ती तिसऱ्याच मुलखातून आलेली. इथली भाषा तिलाही नवी आणि मलाही. दोघींच्या चुका वेगवेगळ्या, त्यामुळे दोघी मिळून एक वाक्य धड व्हायचं. पुस्तकातून शिकलेलं 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणायला आम्ही एकमेकींवरच शिकलो. मला सख्खी बहीण नाही. असती तर तिच्याशी याहून जास्त भांडले असते, एवढाच फरक.

आम्ही वसाहतीत येऊन पाच महिने झाले तेव्हा तिचा भाऊ आला. तिकडे आईपाशी राहायचा, आई गेली. पस्तिशीचा, दाराची चौकट भरून टाकणारा. लहानपणी मेंदूत ताप गेला आणि दोन्ही कान गेले. कधी शाळेत गेला नाही. बहीण-भावांची हातांची आपली एक भाषा होती, बाकी जगाशी तो घशातून येणाऱ्या आवाजात बोलायचा. तो आवाज मोठा होता. आपला आवाज किती मोठा आहे हे माणसाला कानच सांगतात. त्याला कोण सांगणार? बाबांनी त्याला पहिलवान म्हणायला सुरुवात केली.

पहिलवान पहाटे बाजारात माल उतरवायला जायचा, दोनला परत यायचा, आणि चारच्या ठोक्याला आमच्याकडे हजर. बाबा आणि तो पत्ते खेळायचे. भिकार-सावकार. त्या खेळाला अक्कल लागत नाही आणि बोलणंही लागत नाही. पान पडलं की दोघं टेबलावर हात आपटायचे. बाबांना स्वतःलाही कमी ऐकू येत होतं, पण माझ्याकडून मशीन घ्यायला तयार नव्हते. "घरचं वैद्य आणि घरचं औषध, दोन्ही लागू पडत नाही," म्हणायचे. एकदा मी कामावरून आले तर पहिलवान हरल्याबद्दल बाबांचं डोकं दाबून देत होता आणि बाबा डोळे मिटून राजासारखे बसले होते.

गादीवालीने एका दुपारी त्याला माझ्या दवाखान्यात आणलं. "एकदा बघ गं. काही होण्यासारखं आहे का?" मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी आवाज वाढवत वाढवत यंत्राच्या शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. तो काचेतून माझ्याकडे बघून हसत होता, मी कधी सुरू करते याची वाट बघत.

बाहेर आल्यावर मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "चालेल. निदान तू बघितलंस."

मग तो मंगळवार. मी कामावर, नवरा शीतगृहात. बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाक मारून मारून आवाज बसला. खालच्या मजल्यावर टीव्ही चालू होता. चारला पहिलवान आला. रोज दार उघडं टाकून बाबा वाट बघत बसायचे, आज आतून कडी. त्याने दार वाजवलं. मग दारावर तळवा टेकवून उभा राहिला. पाऊल पडलं की फळीतून हाताला कळतं, हे त्याने बाबांनाच एकदा करून दाखवलं होतं. हाताला काही कळेना. तो ओरडायला लागला. मग लाथा घालायला लागला. माणसं जिन्यात आली ती त्यालाच आवरायला. दोघांनी धरलं तर त्यांना झटकून त्याने खांद्याने दार फोडलं. नंतर डॉक्टर म्हणाले, या वयाचं माणूस ओल्या फरशीवर आणखी दोन-तीन तास पडलं असतं तर हाडाचं ऑपरेशन करायची वेळच आली नसती.

पुढचे दीड महिने गादीवाली सकाळी कामावर जायच्या आधी वर यायची, बाबांना कुशीवर वळवायची. त्यांच्या पाठीला पडून पडून जखम होऊ नये म्हणून तिने उरलेल्या फोमची एक गादी शिवून आणली, मध्ये बरोब्बर खुब्यापाशी खोलगट. अशी गादी दुकानात मिळत नाही.

आमचं वर्ष भरायला दोन महिने उरले असतील. हेडबाई मशीन पुसून घ्यायला दवाखान्यात आल्या. पुसून झालं तरी उठेनात.

"तुमच्या शेजारणीचा भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याच्या मंजुरीचा अर्ज आलाय. लोकांच्या तक्रारी आहेत हो. पहाटे दार आपटतं. जिन्यात तो ओरडतो. लहान मुलं घाबरतात. आम्ही सगळ्यांना सामावून घेतो, तुम्हाला ठाऊकच आहे. पण सामावून घेणं म्हणजे त्या माणसाचं भलंही बघणं."

"तो वाईट नाही," मी म्हणाले.

"वाईट कोण म्हणतंय? म्हणून तर तुमच्याकडे आले. उगाच ऐकीव गोष्टींवर ठरवायला नको. तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही त्याला तपासलंय. काय आहे ते फक्त लिहून द्या. खरं तेवढंच."

त्यांनी पर्समधून तक्रारींची टाइप केलेली यादी काढली. सात कलमं होती. चौथं असं: 'दुपारी दुसऱ्या मजल्यावरील दारावर लाथा मारल्या, आरडाओरडा केला, अडवणाऱ्यांना ढकलले, दार मोडले.' खाली त्या मंगळवारची तारीख.

"हेडबाई, हे आमचं दार. बाबा आत पडले होते."

"मला माहीत आहे ना! ते वेगळं होतं. पण यादी ज्याने केली त्याने जे पाहिलं ते लिहिलं. सह्या झाल्यात, आता खाडाखोड नको. सभेत निघेलच तो विषय." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुमचंही वर्ष भरतंय ना? तुमच्याबद्दल कुणाचं एक अक्षर वाकडं नाही हो. सगळे कौतुकच करतात."

त्या धमकी देत नव्हत्या. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या मनापासून कौतुक करत होत्या, आणि म्हणूनच मी जास्त घाबरले.

नवऱ्याला मी भाजी निवडताना सांगितलं. तो शेंगा सोलत होता.

"तू खोटं काही लिहू नकोस," तो म्हणाला.

"नाहीच लिहिणार."

"मग झालं की. जे आहे ते आहे. तू नाही लिहिलंस तर दुसरं कुणीतरी लिहील, आणि वाईट लिहील."

"पेशंटचा कागद असा बाहेर द्यायचा नसतो रे."

"ते दलालाचे दिवस आठव," तो म्हणाला. "बाबांना घेऊन आता परत दारोदार हिंडायचं? या पायाने?"

आतल्या खोलीत बाबा पडलेले होते. आम्ही हळू बोलत होतो. त्यांना ऐकू जाणार नव्हतंच, तरी हळू बोलत होतो.

मी लिहिलं. दवाखान्याच्या कागदावर, दीड पान. दोन्ही कानांची श्रवणशक्ती जवळजवळ शून्य. यंत्राचा उपयोग होण्याची शक्यता फारच कमी. स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नाही, पुढे येईल असं सांगता येत नाही. दारावरची घंटा, धोक्याचा भोंगा, हाक ऐकू येणार नाही. सोबत तपासणीचा आलेख. हेडबाईंना शेवटी आणखी एक वाक्य हवं होतं, 'अशा व्यक्तीसाठी विशेष सोय असलेली संस्था अधिक योग्य.' ते लिहायला मी नकार दिला. ठाम नकार दिला. त्याचा मला दोन दिवस अभिमान वाटत होता.

सभा रविवारी सकाळी भरली, त्याच दिवाणखान्यात. फलकावर आमचा फोटो अजून होता. बाबांना जिना उतरवत नव्हता. ते वर होते. पहिलवानाला गादीवालीने आणलं नव्हतं. ती एकटीच पुढच्या खुर्चीवर, नवे कपडे घालून, केस नीट विंचरून. आत शिरताना माझा हात दाबून म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे."

मी तिला सांगितलेलं नव्हतं. दहा दिवस रोज सकाळी ती वर येत होती, बाबांना वळवत होती, आणि मी सांगितलेलं नव्हतं.

हेडबाईंनी आधी यादी वाचली, मग माझा कागद. "आपल्याच वसाहतीतल्या तज्ज्ञांनी," असं म्हणून वाचला. वाचणं संपल्यावर तो खाली न ठेवता, त्याच सुरात, श्वासही न घेता पुढे म्हणाल्या, "तेव्हा अशा व्यक्तीसाठी विशेष सोय असलेली संस्था अधिक योग्य, हे उघड आहे." ऐकणाऱ्याला ते वाक्य कागदावरचंच वाटलं. मी खुर्चीत पुढे सरकले. एवढंच केलं.

गादीवाली उठली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला नव्या भाषेत रागावता येत नव्हतं. क्रियापद शोधेपर्यंत राग निवायचा, मग नुसती विनवणी उरायची. "तो पहाटे दार... मी दार हळू लावायला शिकवते. तो शिकतो. त्याला मी आहे फक्त. संस्थेत हातांची माझी भाषा कुणाला येते?" लोक माना हलवत होते, डोळ्यांत कणव आणून. हेडबाईंचा हात कानाकडे गेला. बोटाने त्यांनी मशीनचं छोटं बटण दोनदा दाबलं, खालच्या बाजूने. आवाज कमी करायचं बटण. ते कुठे आहे हे त्यांना मीच शिकवलं होतं.

"आणि चार नंबर," गादीवाली म्हणाली. "ते दार." आता ती माझ्याकडे वळली. "तू सांग ना गं. त्या दिवशी काय झालं ते तू सांग."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. शेजारी नवऱ्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला आणि तसाच राहिला.

"मी तेव्हा कामावर होते," मी म्हणाले. "मी स्वतः पाहिलेलं नाही."

हेही खरंच होतं.

 ती खाली बसली, नव्या कपड्यांची घडी मोडू नये म्हणून बसतात तशी, जपून. हात वर झाले. आमचं वर्ष कच्चं, त्यामुळे आम्हाला मत नव्हतं. त्या क्षणी मला त्याचंही बरं वाटलं.

तिला कुणी जा म्हटलं नाही. हे हेडबाई नंतर प्रत्येकाला सांगत असत. मंजुरी नाकारली ती भावाची. तिचं घर तिचंच होतं. तीन आठवड्यांनी ती गेली. टेम्पोत सामान पहिलवानाने एकट्याने चढवलं. त्याला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. तो खुशीत होता, जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करत होता. वसाहतीतर्फे तिला एक शुभेच्छापत्र दिलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. माझ्याकडे ते आलं तेव्हा मीही केली.

बाबांनी मला एकदाच विचारलं. "सभेत काय झालं?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'काय?' म्हणाले, मला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. मग म्हणाले, "दार आपलं होतं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. जेवण दिलं की जेवायचे, गोळी दिली की घ्यायचे. उपास नाही, त्रागा नाही. मुलाशी बोलायचे, तेही कामापुरतं. सकाळी त्यांना कुशीवर वळवायला आता मी होते. मला ती हातोटी नव्हती. दुखायचं त्यांना, पण हूं की चूं करायचे नाहीत.

आमचे पक्के कागद वेळेत आले. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही हवी होती. बाबांनी कागद हातात धरला, चष्म्यातून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "नाही केली तर?" त्यांनी मुलाला विचारलं.

"बाबा, जाणार कुठे आपण?"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी सही केली, लांबलचक, पूर्ण नावाची, आणि पेन टोपण लावून परत दिलं.

ते वॉकर धरून जिना उतरायला लागले तेव्हा पहिली गोष्ट म्हणाले ती ही, की मला पहिलवानाकडे न्या. नवऱ्याने पत्ता काढला. मीही निघाले. मला काय वाटत होतं? वाटत होतं की तोंडावर चार शिव्या मिळतील, मी रडेन, आणि मग काहीतरी जागेवर येईल.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, लोखंड कापायच्या कारखान्यावर दोन खोल्या होत्या. खाली कटरची किंकाळी अशी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. तिथे पहिलवान कितीही ओरडला तरी कुणाच्या गावी नव्हतं. त्याने आम्हाला जिन्यातच पाहिलं. बाबांना वॉकरसकट उचललं आणि वर नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे आला, माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले, घशातून तो मोठा आवाज केला. त्याला माहीत नव्हतं. तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

"या," गादीवाली म्हणाली. "बसा. तुम्ही चहा घ्याल ना?"

तिने चांगले कप काढले. आमच्याकडे आम्ही दोघी एका कपातला अर्धा-अर्धा चहा प्यायचो. मी तिच्या मागे ओट्याशी गेले. "माझं चुकलं," मी म्हणाले. खालच्या कटरमुळे ते मला ओरडून म्हणावं लागलं, आणि ओरडून म्हटलं की ते वाक्य कसंतरीच लागतं.

"तुमचं काय चुकलं?" ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, कुजकेपणासुद्धा नाही. "तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. मी दुसरीकडे दाखवलं त्याला. त्यांनीही तेच लिहिलंय."

फडताळातून तिने कागद काढून मला दिला. वाचायला दिला, दाखवायला नाही. मी वाचेपर्यंत ती साखर ढवळत राहिली. कुणा परक्या माणसाने, माझ्याच धंद्यातल्या, तेच लिहिलं होतं. जवळजवळ शून्य. यंत्राचा उपयोग कमी. आवाजाचा अंदाज नाही. आणि खाली आणखी चार ओळी: दाराच्या चौकटीला फोमची पट्टी लावल्यास आपटण्याचा त्रास राहणार नाही, घंटेला दिवा जोडता येतो, नजर आणि स्पर्श अत्यंत तल्लख, कुटुंबासोबत कुठेही राहण्यास आणि जड काम करण्यास पूर्ण योग्य. त्या कागदाच्या जोरावर खालच्या कारखान्याने त्याला ठेवून घेतलं होतं.

फोमची पट्टी. हे मी आठवड्यातून चार जणांना सांगते. लहान मुलांच्या आईबापांना चित्र काढून समजावते. ते लिहायला मला दोन मिनिटं लागली असती, आणि तेही खरंच असतं.

चहा झाला. बाबांनी आणि पहिलवानाने पत्ते काढले. नवरा खिडकीत उभा राहून खाली यंत्रं बघत होता. मला कुणी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मी म्हणाले, "मी निघते, कपडे वाळत घालायचेत." गादीवालीने दारापर्यंत पोहोचवलं. "सावकाश जा," ती म्हणाली. "जिना अरुंद आहे, तुम्हाला सवय नाही."

तेव्हापासून दर रविवारी नवरा बाबांना तिकडे सोडतो आणि संध्याकाळी आणतो. मी पुन्हा गेले नाही. बाबा आता माझ्याशी बोलतात. औषधाबद्दल, भाजीबद्दल, पाणी गेल्याबद्दल. चेष्टा करत नाहीत. मशीन घ्यायला परवा तयार झाले, पण दुसऱ्या दवाखान्यातून.

तळमजल्यावरच्या घरात एक शांत जोडपं आलंय. मला समितीवर घेतलंय. नाही म्हटलं तर कारण विचारलं असतं, म्हणून हो म्हटलं. इथली माणसं चांगली आहेत, खरंच चांगली आहेत. परवा मला ताप होता तर तीन घरांतून जेवण आलं. तिन्ही डबे मी धुऊन, पुसून परत केले.

गेल्या आठवड्यात हेडबाई मशीन पुसायला आल्या होत्या. मी बारीक ब्रशने जाळीतला मळ काढत होते.

"रविवारी तुमचे सासरे दिसत नाहीत हो अंगणात," त्या म्हणाल्या.

"मित्राकडे जातात. पत्ते खेळायला."

"अगं बाई, या वयात मित्र! किती छान."

"हो," मी म्हणाले, आणि मशीन त्यांच्या कानात नीट बसवून दिलं.